दार उघडण्याचा कालावधी

घाईघाईत निघालेल्या माणसांचा सण सहा आठवडे आधीपासून आखायला घेऊ नये, असा काही लेखी नियम नाही. असता, तर मिलिमीटरसाहेबांनी तो पाळला असता. नियम पाळण्याच्या बाबतीत त्यांचा हात धरील असा माणूस त्या वसाहतीत दुसरा नव्हता, आणि पुढचा सगळा घोळ नेमका तिथूनच सुरू झाला.

मिलिमीटर हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. तंत्रनिकेतनातून पहिल्या वर्गात बाहेर पडून त्यांनी पंपांच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं मापं तपासली. पट्ट्या, काटे, घड्याळं, तापमापक यांपैकी कोण खरं बोलतं आणि कोण थापा मारतं, हे ठरवणं हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, काम सुटलं नाही. वसाहतीच्या वॉचमनचं घड्याळ ते दर महिन्याच्या एक तारखेला तपासत आणि ते किती मंद आहे हे त्याला लेखी कळवत. हे नाव त्यांना थोरल्या भावाने ठेवलं, शेजाऱ्यांनी उचललं, आणि साहेबांनीही मुकाट्याने मान्य केलं. कारण त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडत नव्हतं.

सण होता यहुद्यांचा, वल्हांडणाचा. पूर्वज गुलामगिरीतून एका रात्रीत सुटले तेव्हा कणीक फुगायलासुद्धा सवड मिळाली नाही. म्हणून त्या आठवड्यात घरात खमिराचा कण राहू द्यायचा नाही, बेखमीर भाकर खायची, कडू पाला मिठाच्या पाण्यात बुडवायचा, आणि जेवणाआधी सुटकेची सगळी गोष्ट पुस्तकातून मोठ्याने वाचायची. घरातल्या सर्वांत लहानाने प्रश्न विचारायचे, सर्वांत मोठ्याने उत्तरं द्यायची. शेवटी एक जादा पेला भरून घराचं दार उघडायचं. त्या दारातून संदेष्टा येतो. दिसत कुणालाच नाही, पण म्हणून दार कुणी बंद ठेवत नाही.

आजवर हे सारं दादांकडे होत असे. दादा म्हणजे साहेबांचे थोरले भाऊ. राहायला त्याच वसाहतीत, समोरच्या इमारतीत, खिडकीसमोर खिडकी. तेवीस माणसं बसत आणि दादा वाचत. गेल्या वर्षी वाचन ऐन रंगात असताना साहेबांनी बोट वर केलं. पूर्वजांच्या शत्रूंवर किती संकटं कोसळली याचा एक हिशेब पुस्तकात येतो. एका मोजणीने पन्नास, दुसरीने दोनशे, तिसरीने अडीचशे. साहेब म्हणाले, तिन्ही उत्तरं एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत, आणि त्यांनी पेन्सिल मागितली. पुढची चाळीस मिनिटं तेवीस माणसं उपाशीपोटी बेरीज ऐकत होती. अखेर दादांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी तू वाच. तुझ्या घरी. तुझ्या पट्टीने."

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. सकाळी सातला दोघेही आपापल्या खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत आणि समोर बघायला लागू नये म्हणून पान न् पान निरखत बसत. त्या वर्षी दोन्हीकडची झाडं पाणी जास्त झाल्याने कुजली.

आणि मग साथ आली. तिसऱ्या मजल्यावर एक रुग्ण निघाला, वसाहतीला टाळं लागलं, ज्याचं त्याने आपल्या घरात बसायचं असं ठरलं. तेवीस माणसं आपापल्या जागी राहिली. वहिनी लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेल्या होत्या, त्या तिकडेच अडकल्या. म्हणजे दादा घरात एकटे. ही बाब साहेबांना माहीत होती. त्यांनी तिची नोंद घेतली होती. कार्यवाही मात्र केलेली नव्हती.

"एक फोन तरी करा त्यांना," काकू म्हणाल्या. काकू म्हणजे साहेबांच्या पत्नी. वसाहत त्यांना काकू म्हणे आणि साहेब नुसतंच 'अगं'.

"माझ्या घरी मी वाचावं असं ठरलेलं आहे. मी वाचणार."

"वाचा की. पण ऐकायला कोण? मी एकटी. मला सगळं पाठ आहे."

"एकही चूक न होता, अथपासून इतिपर्यंत, दार उघडण्यासकट सण झाला पाहिजे. मग कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे," साहेब म्हणाले. 'कुणाला' म्हणताना त्यांची नजर खिडकीकडे गेली होती, हे काकूंनी पाहिलं आणि त्या भाजी निवडत राहिल्या.

तर पहिला टप्पा घर स्वच्छ करण्याचा. साहेबांनी घराचे चौदा विभाग पाडले, नकाशा काढला, आणि विजेरी व रंगाचा मऊ ब्रश घेऊन खमिराचा शोध सुरू केला. पावाचा कण कुठे दडून बसेल याचा नेम नाही, म्हणून पाव भाजायचं यंत्र उघडलं. आत तेरा ग्रॅम चुरा निघाला. यंत्र पुन्हा जोडलं तेव्हा एक स्क्रू उरला. तो कुठला हे शोधायला पुन्हा उघडलं. पुन्हा जोडलं तेव्हा दोन उरले. "आणखी एकदा उघडा," काकू म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्या यंत्राची सोय होईल."

सापडलेला चुरा जाळून टाकायचा असतो. तो साहेबांनी पत्र्याच्या डब्यात घालून गॅलरीत, वाऱ्याची दिशा पाहून, रीतसर पेटवला. वाऱ्याने मात्र रीत पाळली नाही. धूर खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांच्या घरात शिरला. दवाखाना बंद असल्याने दंतवैद्य महिनाभर घरी होते आणि एखादी घटना घडावी म्हणून आसुसलेले होते.

"साहेब, काय पेटलंय?" त्यांनी खालून विचारलं.

"पावाचा चुरा."

"टाकून का नाही देत?"

"टाकून दिल्याने तो नष्ट होत नाही. फक्त त्याची जागा बदलते."

दंतवैद्य यावर विचार करायला आत गेले. पण तोवर कुणी तरी धुराची खबर सेक्रेटरींना दिली होती. वसाहतीचे सेक्रेटरी नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेले. माणूस मऊ, पण कागदाशिवाय त्यांना श्वास घेता येत नसे. अर्ध्या तासात दाराच्या फटीतून नोटीस आत आली: 'सदनिकाधारकाने गॅलरीत ज्वलन केल्याचे निदर्शनास आले आहे.' ज्वलन केल्याचे. साहेबांना आयुष्यात आलेली ही पहिली नोटीस. ती त्यांनी फाइलला लावली, पण त्या दिवशी जेवणात त्यांचं लक्ष नव्हतं.

दुसरा टप्पा भाकरीचा. एरवी बेखमीर भाकरी प्रार्थनामंदिरातून बांधून येत. यंदा ते बंद. तेव्हा घरीच करायच्या. यात एक अट आहे, आणि ती ऐकून साहेबांच्या अंगावर रोमांच उभे राहिले: पिठाला पाण्याचा थेंब लागल्यापासून भाकर भाजून निघेपर्यंत अठरा मिनिटांच्या वर वेळ जाता कामा नये. गेला, तर खमीर धरलं असं समजायचं. धर्माने वेळेची इतकी नेमकी मर्यादा दिलेली पाहून साहेबांना वाटलं, ज्यांनी हे ठरवलं ते आपल्याच खात्यातले असले पाहिजेत.

त्यांनी कपाटावरून ड्रॉइंग बोर्ड काढला, घासून धुतला आणि लाटायला काकूंपुढे ठेवला. भाकर फुगू नये म्हणून तिला भोकं पाडतात. त्यासाठी कंपासपेटीतला दुटोकी विभाजक उकळून घेतला आणि आठ-आठ मिलिमीटर अंतरावर भोकं पाडायचं ठरवलं. स्टॉपवॉच गळ्यात. पहिल्या खेपेला सव्वीस मिनिटं लागली.

"तुम्ही दर भोकाची नोंद करता," काकू म्हणाल्या. "पूर्वजांनी असं केलं असतं तर आपण अजून त्या गुलामगिरीतच विटा पाडत असतो."

दुसऱ्या खेपेला एकोणीस मिनिटं दहा सेकंद. काकूंनी लाटणं खाली ठेवलं. "सत्तर सेकंदांसाठी मी पुन्हा मळणार नाही."

"अगं, अट म्हणजे अट."

"मग भोकं फोर्कने पाडा आणि त्या विभाजकाला विश्रांती द्या."

हा अपमान साहेबांनी गिळला. तिसऱ्या खेपेला सतरा मिनिटं चाळीस सेकंदांत चार भाकरी तयार झाल्या. टणक, करड्या, आणि कौलासारख्या किंचित वाकलेल्या. एक हातून निसटून गॅलरीत पडली. तिचा आवाज ऐकून दंतवैद्य बाहेर आले. साहेबांनी दोरीला बांधलेल्या टोपलीतून तुकडा खाली सोडला. मग खालून गंभीर आवाज आला, "साहेब, दंतवैद्य म्हणून नाही, शेजारी म्हणून सांगतो. दवाखाना उघडेपर्यंत हे कुणाला देऊ नका."

तिसरा टप्पा दाराचा, आणि खरी मेख इथे होती.

दार नुसतं उघडायचं; यात अडचण ती काय, असं कुणालाही वाटेल. पण वसाहतीच्या विलगीकरण नियमावलीत कलम सात असं होतं: 'दूध व औषधे स्वीकारण्याव्यतिरिक्त कोणत्याही सदनिकेचा मुख्य दरवाजा समितीच्या लेखी परवानगीविना उघडू नये. परवानगी दिल्यास दरवाजा उघडण्याचा कालावधी दोन मिनिटांपेक्षा अधिक नसावा.' हे कलम कुणी लिहिलं, हे विचारण्यात अर्थ नाही. समितीचे तांत्रिक सल्लागार मिलिमीटरसाहेबच होते.

"उघडा आणि लावा," काकू म्हणाल्या. "बघतंय कोण?"

"बघत कुणी नाही म्हणूनच नियम असतो," साहेब म्हणाले आणि त्यांनी सेक्रेटरींना फोन लावला.

"दार उघडायचंय? कोणी येणार आहे का?"

"येण्याची शक्यता आहे."

"म्हणजे पाहुणे. मग नमुना 'क' भरावा लागेल. शिवाय बाहेरचा माणूस असेल तर आरोग्य कार्यालयाला विचारावं लागेल. साहेब, मी काय सांगणार, कलम तुमचंच आहे."

साहेबांनी आरोग्य कार्यालयाला फोन लावला. पस्तीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक बाई आल्या.

"पाहुण्यांचं तापमान घेतलंय का?"

"ते घेता येणार नाही. ते दिसत नाहीत."

"त्यांना दिसत नाही?"

"त्यांना दिसतं. ते दिसत नाहीत."

"म्हणजे तुम्हाला दिसत नाही. थांबा हं, काका, डोळ्यांच्या विभागाला जोडून देते."

डोळ्यांच्या विभागात साहेबांना जवळचं दिसत नाही की लांबचं, असं विचारण्यात आलं. सत्य सांगायचं तर दोन्ही, असं ते म्हणाले आणि फोन ठेवून आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी नमुना 'क' आला. साहेबांनी आयुष्यात कधी एकही रकाना रिकामा सोडला नव्हता आणि कधी खोटं लिहिलं नव्हतं. त्या दोन सवयींची गाठ पहिल्यांदाच पडत होती. 'पाहुण्याचे नाव' इथे त्यांनी लिहिलं, 'श्रद्धेचा विषय असल्याने तोंडी सांगण्यात येईल.' वय: 'बरेच.' पत्ता: 'निश्चित नाही, परंतु दूर नसावा.' यापूर्वी आले होते काय: 'दरवर्षी.' प्रयोजन: 'एक पेला मनुकांचा रस.' लक्षणे: 'नाहीत.' इच्छित वेळ: वेळापत्रकातल्या बत्तिसाव्या ओळीनुसार आठ वाजून दहा मिनिटे. फक्त एका रकान्याशी येऊन पेन थांबलं. 'अर्जदाराशी नाते.' संदेष्ट्याशी माणसाचं काय नातं? साहेबांनी चष्मा पुसला, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, शब्दकोश उघडला आणि मिटला.

"ठेवा तो कागद तिथे," काकू म्हणाल्या. "टोपलीतून मी सोडते खाली. तुम्ही जरा पडा."

संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "साहेब, अर्ज मंजूर. आरोग्य कार्यालयाची गरज नाही, वसाहतीच्या आतलीच बाब आहे. मी स्वतः बघतो. खरं सांगू, आम्हा सगळ्यांनाच बरं वाटलं."

संदेष्ट्याच्या आगमनाने नोंदणी कार्यालयातल्या माणसाला इतकं बरं वाटावं, याचं साहेबांना नवल वाटलं. पण मंजूर अर्जाची चौकशी करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

सणाचा दिवस उजाडला. वेळापत्रक फ्रिजवर लावलेलं, एकूण सत्तेचाळीस ओळी. सूर्य मावळताच काकूंनी दिवे लावले, पांढरी चादर अंथरली, तबकात पाला, अंडं, भाजलेलं हाड, खजुराचा लगदा मांडला. दोनच ताटं. भरल्या घराच्या सवयीने काकूंनी सात पेले काढले होते, त्यांतले पाच परत ठेवले. साहेबांनी धुवट सदरा घातला, घसा साफ केला आणि पहिलं पान वाचलं. वाचन शुद्ध झालं. एकही चूक नाही. ऐकताना मात्र दोघांनाही वाटलं की यंत्राची माहितीपुस्तिका वाचली जाते आहे.

मग नववी ओळ आली: 'सर्वांत लहानाने प्रश्न विचारणे.'

"विचार," साहेब म्हणाले.

"मी?"

"दोघांत लहान तूच आहेस."

"मी त्रेसष्ट वर्षांची आहे. चाळीस वर्षं मी विचारतेच आहे. एकाचं तरी उत्तर मिळालं का? आज प्रश्न काढून कशाला सणाला गालबोट लावू?"

"अगं, ही रीत आहे."

"रीत लहानाने विचारायची आहे. तुमच्याकडे लहान कोण होतं? तुम्हीच. तुम्ही पाच वर्षांचे असताना टेबलावर उभे राहून विचारायचात, आणि अडलात की मागून कोण सांगायचं? वहिनींनी मला सगळं सांगितलंय."

साहेबांनी पुस्तक पुढे ओढलं. एकट्या माणसाने स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तर द्यावं अशी सोय रीतीत आहे, ती त्यांनी करून पाहिली. आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, असं त्यांनी स्वतःला विचारलं आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं. परीक्षक न आलेल्या तोंडी परीक्षेसारखं झालं. शब्द सगळे पाठ होते, पण कुणाला सांगायचे ते कळेना. वेळापत्रक केव्हाच मागे पडलं होतं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. समोर दादांच्या घरात एकच दिवा होता. आठ वाजून चार मिनिटांनी तोही मालवला.

सणाच्या दिवशी, आठ वाजता. न वाचता, न जेवता दादा झोपले की काय? साहेबांनी घड्याळ पाहिलं, वेळापत्रक पाहिलं. या घटनेला त्यात ओळ नव्हती. "समोरचा दिवा गेला," ते म्हणाले.

"गेला का?" काकू म्हणाल्या आणि मीठपाण्याचा वाडगा उगीचच सरळ केला.

"फोन करावा का?" हे साहेबांच्या तोंडून निघालं, आणि तेवढ्यात खालचा इंटरकॉम वाजला.

"साहेब," वॉचमन म्हणाला, "पाहुणे आलेत."

"कोण पाहुणे?"

"तुमचे. फॉर्मवरचे."

साहेबांच्या हातून पुस्तक घसरलं. छत्तीस वर्षं त्यांनी तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवला नव्हता, आणि ज्या एका गोष्टीवर न तपासता ठेवला, ती आता जिना चढून येत होती. "अगं, ते आलेत," ते म्हणाले.

"मग दार उघडा. वेळ झालीच आहे."

"पेला भरलेला नाही. आपण अजून नवव्या ओळीवर आहोत. बत्तिसावी ओळ..."

"अहो, दोन मिनिटंच आहेत."

साहेबांनी सदऱ्याची बटणं तपासली, कडी काढली आणि दार उघडलं.

बाहेर दादा उभे होते. पांढरे इस्त्रीचे कपडे, तोंडावर मुखपट्टी, काखेत जुनं पुस्तक, हातात घडीची खुर्ची. गळ्यातल्या फितीला ओळखपत्र: 'पाहुणा – १'. मागे वॉचमन तापमापक घेऊन खडा होता. "छत्तीस पूर्णांक चार, साहेब," तो म्हणाला.

"तो तापमापक दोन दशांशाने कमी दाखवतो," साहेब म्हणाले. वर्षभरानंतर भावासमोर काढलेलं हे पहिलं वाक्य.

"मग सहा धर," दादा म्हणाले. "सेक्रेटरी सकाळी घरी येऊन गेले. म्हणाले, धाकट्याने अर्ज केलाय तुमच्यासाठी, रीतसर, नमुना 'क'. मी म्हटलं, शक्य नाही. त्यांनी कागद दाखवला. वय बरेच, पत्ता दूर नाही. मी म्हटलं, हे लिहिणं त्याचंच. तरी मनात आलं, चूक झाली असेल. पण नातं बघितलं आणि खुर्ची घेऊन निघालो."

त्यांनी अर्जाची प्रत खिशातून काढून पुढे केली. साहेबांनी ती लांब धरून वाचली. सगळे रकाने त्यांच्या ठसठशीत, सरळ अक्षरात होते. फक्त एका रकान्यात, 'अर्जदाराशी नाते' याच्यापुढे, वेलांट्यांना झोका दिलेल्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'थोरले भाऊ.' हे अक्षर साहेब चाळीस वर्षं वाण्याच्या यादीवर बघत आले होते. त्यांनी वळून पाहिलं. काकू तिसरं ताट मांडत होत्या. पेले त्यांनी पुन्हा बाहेर काढले होते.

"तो रकाना रिकामा होता," काकू म्हणाल्या. "तुम्हीच म्हणता, रिकामा ठेवू नये."

यावर साहेब काय बोलणार होते ते कळलं नाही, कारण दादा म्हणाले, "कलमात दोन मिनिटं लिहिली आहेस. त्यातलं एक कागद वाचण्यात गेलं."

साहेबांनी खिशातून टेप काढली, उंबऱ्यापासून जिन्याच्या चौकात सहा फूट मोजले आणि खडूने रेघ मारली. दादांनी रेघेपलीकडे खुर्ची उघडली. काकूंनी ताट स्टुलावर ठेवून पुढे सरकवलं. वॉचमनने आपल्या घड्याळाकडे पाहिलं.

"साहेब, दोन मिनिटं झालीत बहुतेक. पण माझं घड्याळ मंद आहे म्हणता ना तुम्ही."

"मंदच आहे," साहेब म्हणाले. किती, ते त्यांनी सांगितलं नाही. मग कायद्याचा कीस काढणाऱ्या आवाजात त्यांनी खुलासा केला: "शिवाय कलम नीट वाचा. त्यात दार उघडण्याचा कालावधी दिलाय. उघडं राहण्याचा दिलेला नाही."

"ही गफलत कुणाची?" दादांनी विचारलं.

"मसुदा माझा आहे," साहेब म्हणाले.

वॉचमन समाधानाने खाली गेला. दादांनी पुस्तक उघडून मांडीवर ठेवलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "कुठवर आलात?"

"नववी ओळ. प्रश्न."

"मग? लहान कोण आहे?"

काकूंनी हाताची घडी घातली आणि छताकडे पाहिलं. साहेब उभे राहिले. अडुसष्टाव्या वर्षी, धुवट सदऱ्यात, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभं राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, दुसरा विचारला. तिसऱ्याशी ते अडले. पुस्तक समोर होतं, अक्षर मोठं होतं, तरी अडले. दादांनी पुस्तकातून वर न बघता पुढचा शब्द हळूच सांगितला.

त्यानंतर वाचन दादांनी केलं. जिन्याच्या चौकात आवाज घुमत होता. खालच्या मजल्यावर दंतवैद्यांचं दार किलकिलं झाल्याचं ऐकू आलं, आणि ते कलम सातचा भंग होता, पण त्याची दखल कुणी घेतली नाही. संकटांची मोजणी आली तेव्हा दादा थांबले. पन्नास म्हणाले, दोनशे म्हणाले, आणि पुस्तकावर बोट ठेवून त्यांनी साहेबांकडे पाहिलं. "पुढचं तू कर. पेन्सिल आणलीय मी."

साहेबांनी मान हलवली. "बरोबरच असेल," ते म्हणाले. काकूंच्या हातून चमचा पडला.

मग जेवण. दादांनी बेखमीर भाकर हातात घेतली, उजेडासमोर धरली, भोकांच्या रांगेवरून बोट फिरवलं. "अठरा मिनिटांत?"

"सतरा मिनिटं चाळीस सेकंद."

दादांनी दाढेखाली तुकडा धरला. बऱ्याच वेळाने कट्ट असा आवाज आला.

"दाढ की भाकर?" खालून दंतवैद्यांनी विचारलं.

"भाकर," दादा म्हणाले. "आपल्या पूर्वजांना वाळवंट ओलांडायला चाळीस वर्षं का लागली, ते आज कळलं. चावत बसले असतील." पण त्यांनी ती सगळी संपवली आणि आणखी अर्धी मागितली.

जेवण उरकलं. काकूंनी जादा पेला मनुकांच्या रसाने काठोकाठ भरून टेबलाच्या मधोमध ठेवला. दादांनी पान उलटलं आणि नेहमीच्या, तेवीस माणसांना ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाले, "दार उघड."

"उघडंच आहे, दादा."

"उघडं दार कसं उघडणार? रीत म्हणजे रीत. आधी लाव."

यात तर्कदोष नव्हता. साहेबांनी दार लावलं. बंद दाराची ही बाजू ते गेला महिनाभर बघत होते. तिच्यावर त्यांनीच चिकटवलेली नियमावली होती, कलम सात मधोमध. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. साहेबांनी कडीवर हात ठेवला आणि दार उघडलं.

खुर्ची रेघेपाशी नव्हती. दादांनी ती भिंतीकडे ओढून घेतली होती, जिन्यापासून दारापर्यंतची वाट मोकळी झाली होती, आणि ते पाय आखडून, पुस्तक छातीशी धरून कडेला बसले होते.

"वाटेतच बसलो होतो," ते म्हणाले. "खऱ्या पाहुण्याला यायला जागा नको?"

वाट सोडण्याच्या नादात खुर्ची उंबऱ्याच्या बरीच जवळ आली होती. साहेबांची नजर सवयीने खडूच्या रेघेवर गेली, तिथून खुर्चीच्या पायावर आली. साडेतीन फूट, फार तर पावणेचार. त्यांचा हात खिशातल्या टेपपर्यंत गेला. मग त्यांनी तो रिकामाच बाहेर काढला आणि आपली खुर्ची उचलून आतल्या बाजूने उंबऱ्याशी आणून ठेवली.